गाण्याचा आवाज वाढला की टेबलावर दोघंच उरतात

नागपूरच्या पेपरांत अधूनमधून एक ठरलेली बातमी येते. कुठल्यातरी रूफटॉप बारच्या आवाजानं शेजारची सोसायटी हैराण, रात्री पोलिसांना फोन, मग कारवाई. त्यावर दोन तट पडतात. एकाच्या मते शहर बिघडलं, दुसऱ्याच्या मते शहर मोठं होतंय तर एवढं चालायचंच. बाहेरच्यांना होणाऱ्या त्रासावर पुष्कळ बोललं जातं, पण तो आवाज आत बसलेल्या माणसांचं काय करतो, हे कोणी विचारत नाही.

धरमपेठेतला चकचकीत लाउंज, सदरमधला जुना बार आणि कामठी रोडवरची परमिट रूम घ्या. तिन्हीकडे तीच बाटली, तोच सोडा आणि चखण्याला तेच शेंगदाणे. तरी एका जागी लोक तीन-तीन तास गप्पा हाणतात, दुसऱ्या जागी नाचतात आणि तिसऱ्या जागी मोबाइल बघत बसतात. भाव, उजेड, खुर्च्या यांचा वाटा त्यात आहेच. पण बराच फरक संगीत पाडतं, आणि त्यातही कोणतं गाणं यापेक्षा ते किती मोठ्यानं वाजतंय, याला आधी महत्त्व आहे. बहुतेक मालक नेमके उलटे विचार करतात. गाण्यांच्या यादीवर डोकं खपवतात आणि आवाजाचं बटण डीजेच्या मर्जीवर सोडून देतात.

डेसिबल एकदाच समजून घेऊ

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. हे माप किलो-लिटरसारखं सरळ चढत नाही. दहा डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट होते, वीस वाढले की शंभरपट. कानाला मात्र दर दहा डेसिबलला आवाज साधारण दुप्पट झाल्यासारखा वाटतो. म्हणून ७५ वरून ८५ वर गेलेला डीजे 'थोडंसंच वाढवलं' म्हणतो तेव्हा त्यानं हॉलमध्ये दहापट ऊर्जा ओतलेली असते.

दोन आकडे लक्षात ठेवा, पुढं लागतील. एक मीटरवरून माणूस साधं बोलतो तेव्हा ऐकणाऱ्याच्या कानाशी साधारण ६० डेसिबल पोचतात. आणि मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलनं उतरतो, निम्मं झालं की तेवढाच चढतो.

शब्द नेमके कुठं हरवतात

आपल्या बोलण्यात स्वरांना जोर असतो आणि व्यंजनं दुबळी असतात. 'आ', 'ओ' लांबवर ऐकू येतात, पण 'त' की 'ठ', 'स' की 'श' हे ठरवणारे बारीक ध्वनी वरच्या पट्टीत आणि फार हलके असतात. अर्थ बहुतांशी त्यांच्यावरच टेकलेला असतो. वेटरला सात सांगितले की साठ, हा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

एक आवाज दुसऱ्याला झाकतो. सावजी रस्सा जिभेवर असताना शेजारच्या वाटीतल्या वरणातलं जिरं कळत नाही, तसंच कानाचंही होतं. जिरं तिथं असतं, पण तिखटानं त्याची जागा घेतलेली असते. यात कानाची एक खोड अशी की, जड, खालच्या पट्टीतला आवाज मोठा झाला की तो आपल्या वरच्या पट्ट्याही झाकायला लागतो. त्यामुळे छातीत धडधडणारा बेस फक्त खालची बाजू व्यापून थांबत नाही, बोलण्यातली व्यंजनंही गिळतो. आणि गाण्यात गायक असेल तर तो थेट माणसाच्या आवाजाच्या पट्टीतच उभा राहतो. त्याचे शब्द हिंदी किंवा मराठी असले, म्हणजे आपोआप कळणारे असले, तर लक्षही खेचतात. तेवढ्याच आवाजातली नुसती बासरी किंवा गिटार गप्पांना बरीच कमी आड येते.

सगळ्यांना हा त्रास सारखा होत नाही. चाळिशीनंतर वरच्या पट्टीतलं ऐकणं हळूहळू कमी होत जातं, आणि व्यंजनं तिथंच असतात. ज्याची ती मातृभाषा नाही त्यालाही गोंगाटात जास्त अडतं. नागपुरात एकाच टेबलावर मराठी, हिंदी, कधी तेलुगू बोलणारे मित्र असणं काही नवं नाही. आवाज वाढला की आधी हेच लोक गप्प होतात. नुसतं हसून मान डोलवायला लागतात, आणि बाकीच्यांना वाटतं, आज याचा मूड नाही.

आठ जणांचं टेबल दोन-दोनांत कसं फुटतं

समजा, एमआयडीसीतल्या एका कंपनीतले आठ जण शनिवारी बसलेत. संगीत ६५ डेसिबलवर आहे. थोडा आवाज चढवला की समोरच्यापर्यंत बोलणं पोचतं. अशा वेळी चार-पाच जणांची एक गोष्ट चालते आणि उरलेल्यांची दुसरी. मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबार आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली मांडलं होतं की एका संभाषणात साधारण चारच माणसं टिकतात, पाचवा आला की गट फुटू लागतो. शांत खोलीतसुद्धा हेच होतं.

आता संगीत ८५ वर न्या. एक मीटरवर बसलेल्या माणसाशी बोलायला ओरडावं लागेल, आणि ओरडून कोणी तासभर बोलू शकत नाही. मग शरीर दुसरा उपाय शोधतं आणि माणसं जवळ सरकतात. तोंड कानापासून वीतभर अंतरावर आलं की मीटरच्या हिशेबात बारा डेसिबलचा फायदा होतो आणि जोरकस बोलणं कसंबसं पोचतं. पण माणसाला एका वेळी एकाच्याच कानाशी लागता येतं. झालं, आठ जणांच्या चार जोड्या पडल्या. मधल्या माणसाला कोणी धरलं नाही तर तो फोन काढतो. "का म्हणून राहिला बे? आयकूच नाही येऊन राहिलं!" हे दोनदा झालं की तिसऱ्यांदा कोणी विचारत नाही.

एकमेकांच्या जवळ यायचंच असलेल्या दोघांना हा आवाज सोयीचा वाटतो, कारण त्याच्या निमित्तानं जवळ सरकता येतं. कॉलेजचे मित्र दहा वर्षांनी भेटत असतील, त्यातले दोघं दारूबंदीच्या वर्ध्याहून खास बसायला आले असतील, तर त्यांची संध्याकाळ मात्र तो खाऊन टाकतो. आवाज एकच, पण कोण कशासाठी आलंय यावर तो मदत करतो की मोडता घालतो हे ठरतं.

"लोकच मोठ्यानं बोलतात, गाण्याला का दोष?"

आक्षेप खरा आहे, पण अर्धा. एत्येन लोंबार या फ्रेंच कानतज्ज्ञानं १९११ मध्ये दाखवलं की भोवती गोंगाट वाढला की माणूस नकळत आवाज चढवतो. त्याला चढव म्हणावं लागत नाही आणि चढवू नको म्हटलं तरी ते सहज थांबत नाही. आता एका हॉलमध्ये असे साठ जण बसवा. गाणं चढलं म्हणून टेबलं चढली, टेबलं चढली म्हणून गाणं ऐकू येईना, म्हणून डीजेनं पुन्हा चढवलं. नऊ वाजता सुरू झालेली ही शर्यत अकराला कुठं पोचते ते आपण पाहतोच. दारू तिला हातभार लावते, पण नुसत्या सरबतावरच्या लग्नाच्या पंगतीतही हे चक्र फिरतंच.

हॉलच्या भिंती यात मोठा वाटा उचलतात, आणि नागपुरात हा मुद्दा विशेष लागू पडतो. इथल्या उन्हाळ्यात पारा ४५ च्या आसपास जातो, त्यामुळे बार म्हणजे काचबंद एसी हॉल. खाली टाइल्स, टेबलावर ग्रॅनाइट, समोर काच, वर सपाट छत. यातलं काहीच आवाज पीत नाही, सगळं परत फेकतं. जाड पडदे, गादीच्या खुर्च्या, छताला लावलेले आवाज शोषणारे पॅनल आणि खुद्द माणसांची कपडे घातलेली शरीरं आवाज पितात. म्हणून तोच हॉल सात वाजता रिकामा असताना टणटणतो आणि भरल्यावर थोडा मऊ होतो. नवी साउंड सिस्टीम घेण्याआधी मालकानं पडद्यांवर खर्च करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. पण पडदे रीलमध्ये दिसत नाहीत, स्पीकर दिसतात.

मग गाणी बंदच करायची का?

अजिबात नाही. पूर्ण शांत बारमध्ये बसून पाहा. शेजारच्या टेबलावरचा माणूस तुमची बढती, तुमची उधारी, तुमच्या साडूचं भांडण, सगळं ऐकतो. नागपूर वाढलं असलं तरी प्रत्येक दुसरा माणूस कोणाचा तरी वर्गमित्र किंवा शेजारी निघतो. डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरतं तेव्हा तर शेजारी कोण बसलंय याचा नेमच नसतो. अशा वेळी संगीत पडद्याचं काम करतं.

हिशेब करून बघा. संगीत ६५ वर, तुम्ही थोडं चढवून ६७ वर बोलताय. समोरच्याला कळतंय. शेजारचं टेबल तीन मीटरवर असेल तर तिथपर्यंत जाता जाता तुमचा आवाज ५७-५८ वर उतरतो, म्हणजे संगीताच्या बराच खाली. हॉल घुमत नसेल तर त्याला तुमची कुजबुज ऐकू येईल, शब्द नाही. आपलं आपल्याला ऐकू यावं आणि शेजाऱ्याला येऊ नये, असा हा मधला पट्टा. गप्पांच्या बारनं त्यातच राहायला हवं. तो अरुंद आहे, आणि गर्दी वाढली की सरकतो, म्हणून रात्रभर एकाच खुणेवर बटण ठेवून भागत नाही. गंमत अशी की गर्दी वाढल्यावर गाणं वाढवण्यापेक्षा किंचित कमी केलेलं बरं, कारण तोवर माणसांचा गलकाच पडद्याचं काम करू लागलेला असतो.

संथ गाणं, भरभर गाणं आणि बिल

गाण्याचा वेग मिनिटाला किती ठोके पडतात त्यावरून मोजतात. गझल साठ-सत्तरच्या आसपास रेंगाळते, नाचायची गाणी एकशेवीसच्या पुढंमागं धावतात.

रोनाल्ड मिलिमन या संशोधकानं १९८६ साली अमेरिकेतल्या एका रेस्टॉरंटवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. संथ संगीत असताना लोक टेबलावर सरासरी ५६ मिनिटं थांबले, वेगवान असताना ४५. जेवणावरचा खर्च जवळपास तेवढाच राहिला, पण संथ संगीतात बारचं बिल सुमारे ४० टक्क्यांनी जास्त झालं. थांबलेला माणूस आणखी एक मागवतो.

उलट बाजूनं २००८ साली फ्रान्समधल्या दोन बारमध्ये पाहणी झाली. आवाज ७२ वरून ८८ डेसिबलवर नेल्यावर तरुण पुरुषांनी सरासरी २.६ ऐवजी ३.४ ग्लास बिअर प्यायली, आणि एक ग्लास संपायला साडेचौदा मिनिटांऐवजी साडेअकरा मिनिटं लागली. याचं एक सरळ कारण संभवतं: बोलता येत नसेल तर हात ग्लासाकडे जातो. पण पाहणी फक्त ४० जणांची होती, आणि त्यातल्या प्रमुख संशोधकाच्या इतर काही अभ्यासांच्या आकडेवारीवर पुढं गंभीर शंका घेतल्या गेल्या. तेव्हा दिशा ध्यानात घ्यावी, दशांश चिन्हापुढचे आकडे पाठ करू नयेत.

म्हणजे मालकापुढं दोन वाटा आहेत: लोकांना रेंगाळू द्यायचं आणि बिल हळूहळू वाढू द्यायचं, किंवा भरभर प्यायला लावून टेबल लवकर मोकळं करायचं. दारात रांग असेल तर दुसरी वाट फायद्याची. मंगळवारी अर्धा हॉल रिकामा असताना शनिवारची प्लेलिस्ट शनिवारच्याच आवाजात लावणं मात्र धंद्याच्या दृष्टीनंही खुळेपणा आहे, आणि आपल्याकडे तो सर्रास दिसतो.

हे गाणं कोणासाठी आहे?

आवाज जागेवर आला की मग गाण्याची निवड बोलायला लागते. १९९७ मध्ये इंग्लंडमधल्या एका सुपरमार्केटात वाइनच्या फडताळाशी एक दिवस फ्रेंच आणि एक दिवस जर्मन संगीत लावून पाहिलं. फ्रेंच सुरांच्या दिवशी फ्रेंच वाइन जास्त खपली, जर्मन सुरांच्या दिवशी जर्मन. विचारल्यावर संगीतामुळे घेतली असं सांगणारे मोजकेच होते.

बारचं दार उघडल्यावर असंच काहीतरी होतं. आत जुन्या गझला असतील तर पन्नाशीचे काका निवांत होतात आणि पंचविशीची पोरं चुळबुळतात. नुसतंच इंग्रजी हाऊस, म्हणजे क्लबमधलं नाचायचं संगीत, असेल तर हेच उलट. पाटी लावून कोणाला अडवलेलं नसतं, तरी पहिल्या मिनिटात माणूस ताडतो की ही जागा आपली आहे की नाही. मैत्रिणी-मैत्रिणींच्या गटाबाबत हे जास्त लागू पडतं. रात्रभर बायकांवर शेरे मारणारीच गाणी वाजत असतील तर दारावर 'फॅमिली रेस्टॉरंट' लिहून काय उपयोग?

ओळखीच्या गाण्याची ताकद वेगळीच आहे. मुखडा आला आणि चार टेबलं एकदम गायला लागली की अनोळखी माणसं क्षणभर एक होतात. यालाही आधार आहे. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१५ मध्ये प्रौढांच्या वर्गांची तुलना केली. गाण्याच्या वर्गातली माणसं हस्तकला किंवा लेखनाच्या वर्गातल्यांपेक्षा लवकर जवळ आली. सातव्या महिन्यापर्यंत बाकीच्यांनीही ती जवळीक गाठली, पण सुरुवात गाण्यानं पटकन झाली. कराओके, म्हणजे यंत्रावरच्या तयार संगीताबरोबर पाहुण्यांनीच गायचं, चालतो तो यामुळेच. १९७१ मध्ये जपानच्या कोबे शहरात दाइसुके इनोउए यांनी बारसाठी असं यंत्र बनवलं आणि त्याचं पेटंट घेतलंच नाही. सूर बेसुरा लागला तरी सगळे टाळ्या वाजवतात, कारण पुढचा नंबर त्यांचा असतो.

पण सलग तीन तास सगळेच गात राहिले तर पुन्हा गप्पा मेल्या. चांगला डीजे हे जाणतो. आठ वाजता सुरांना मागे ठेवतो, दहाच्या सुमारास दोन-तीन ओळखीची गाणी पेरतो, मग पुन्हा सोडतो.

जाता जाता एक सांगतो. स्वतःच्या फोनवरच्या ॲपची वर्गणी भरली म्हणून ती गाणी बारमध्ये वाजवता येत नाहीत. ती वर्गणी वैयक्तिक ऐकण्यापुरती असते. बारला गीत-संगीताच्या आणि ध्वनिमुद्रणाच्या हक्कांचे वेगळे परवाने घ्यावे लागतात.

रूफटॉपचा आवाज हिवाळ्यातच जास्त का छळतो

गच्चीवर छत नसतं, त्यामुळे आवाज घुमत नाही. बसणाऱ्यांसाठी ती उत्तम सोय. पण परत न आलेला आवाज कुठंतरी जातोच. नागपुरात गच्ची भरते ती नोव्हेंबर ते फेब्रुवारी, गारव्यात. निरभ्र, वारा नसलेल्या अशा रात्री जमिनीलगतची हवा थंड आणि वरची त्यापेक्षा उबदार असते. वर निघालेला आवाज या थरांतून वाकून पुन्हा खाली येतो आणि एरवीपेक्षा दूरवर पोचतो. त्यात घरोघरचे कूलर बंद, पंखे बंद, रस्ते शांत.

वर आणखी एक मेख आहे. मोजणी बहुधा माणसाच्या कानाच्या कलानं केली जाते, त्यात खालच्या पट्टीला कमी वजन मिळतं. भिंती-खिडक्यांतून आरपार जातो तो मात्र बेसच. मीटरवर आकडा साधा दिसतो आणि शेजाऱ्याच्या खिडकीचं तावदान थरथरतं. दोघंही खरं बोलत असतात.

नियम मात्र सरळ आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्र म्हणजे १० ते ६. त्या वेळेत निवासी भागाची मर्यादा ४५ डेसिबल, व्यापारी भागाची ५५. बंदिस्त जागा सोडून स्पीकर वाजवायला रात्री मनाई आहे. गच्ची कितीही रोषणाई केली तरी बंदिस्त होत नाही.

"आम्ही दोन तास बसतो, कानाला काय होणार?"

तुम्हाला कदाचित फार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये अशा जागांसाठी १५ मिनिटांच्या सरासरीनं १०० डेसिबल ही वरची मर्यादा सांगितली. ती पाहुण्यांच्या हिशेबानं. कामगारांसाठी अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्य संस्थेचा हिशेब असा: ८५ डेसिबलला आठ तास, आणि पुढं दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. ९४ ला उरतो एक तास. ग्राहक उठून जातो, वेटर संध्याकाळपासून बंद होईपर्यंत त्याच स्पीकरखाली ऑर्डर घेत असतो, तेही आठवड्यातले सहा दिवस. त्याला कापसाचे बोळे देऊन काही साधत नाही, खरे इअरप्लग लागतात. नाहीतर आवाज कमी करावा लागतो, आणि तो फुकट आहे.

"पण पोरांना हेच पाहिजे"

काहींना पाहिजे, आणि नाचायला जागा असलेल्या पबनं त्यांना ते द्यावं. माझा आक्षेप नाचायला तसूभरही जागा नसलेल्या, बारा टेबलांच्या हॉलला आहे, जिथं मुंबई-पुण्याच्या पबचा आवाज तेवढा उचलला जातो. शिवाय महाराष्ट्रात कायद्यानं बिअर-वाइनसाठी २१ आणि हार्ड लिकरसाठी २५ वर्षं पूर्ण लागतात. ज्यांच्या नावानं आवाज चढवला जातो, त्यातले बरेच नियमानं आत नसायलाच हवेत. आणि आत बसलेला, पगार घेणारा पंचविशीपुढचा माणूस बहुतेक वेळा चार मित्रांशी बोलायला आलेला असतो.

मालकांना हे पटेपर्यंत ग्राहकाला करण्यासारखं थोडंच आहे. मोठा गट असेल तर स्पीकरच्या समोर बसू नका, भिंतीकडे पाठ करून कोपरा धरा आणि लांबट टेबलाऐवजी गोल मागा, अंतरं वाचतात. फोनवरचं आवाज मोजायचं ॲप अचूक नसतं, पण ७० की ९० एवढं नक्की सांगतं. आणि वेटरला सांगण्याऐवजी काउंटरवर जाऊन स्वतः सांगा, "भाऊ, आवाज थोडा कमी करा ना." तीन टेबलांनी एका रात्री सांगितलं तर बटण खाली येतं, कारण काउंटरवरचा माणूस बिलाकडे बघूनच ऐकतो.